लाल ठिपका

ड्रोन घरात आला तो सुनेच्या भावाकडून. या भावाला कुठलाही नाद लागला की नव्याचे नऊ दिवस. आधी गिटार झाली, मग सायकल, मग ड्रोन. पहिल्याच आठवड्यात त्यानं तो झाडात अडकवला. शिडी लावून ड्रोन खाली आणला, पण उत्साह झाडावरच राहिला. "ताई, तुला हवा असेल तर ने," तो म्हणाला, आणि तिनं नेला.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणायचं. अशा बाईला ड्रोन कशाला हवा, असं नवऱ्यानं विचारलं. तशी ती म्हणाली, "आईंना बाबा दाखवायचेत."

नवऱ्याला आधी काही कळलंच नाही. त्याचे आईबाप तर शेजारच्याच खोलीत होते, आणि एकमेकांना चांगले दिसतही होते.

पण सुनेचं खरं होतं. सासरे टॉवर क्रेन चालवायचे. शहरातली अर्धी उंच घरं त्यांच्या हातून वर गेलेली. साइटवर त्यांना सगळे "वरचे" म्हणत. "वरच्यांची मर्जी असली तर आज स्लॅब होईल," असं मुकादम म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. सकाळी शिडी चढून केबिनमध्ये बसायचं आणि पाळी संपली की उतरायचं. घरी आल्यावर हा माणूस जेवून झोपायचा नाहीतर कुरकुरायचा. त्यामुळे घरच्यांना खरे सासरे माहीतच नव्हते. ते वर असायचे.

आणि सासूबाई त्यांच्याकडे वर कधी बघायच्याच नाहीत. रोज त्या डबा घेऊन साइटच्या फाटकापर्यंत जायच्या आणि डबा रखवालदाराकडे द्यायच्या. मान खाली घालून जायच्या, मान खाली घालून परत यायच्या. सासऱ्यांना याचं दुःख होतं आणि ते थट्टेत बोलून दाखवायचे. "वरून मला हिचा अंबाडा तेवढा दिसतो. लग्न अंबाड्याशीच झालंय म्हणा ना." सगळे हसायचे, सासूबाईसुद्धा. पण एकदा सासरे हसता हसता थांबून सुनेला म्हणाले होते, "तिला माझ्या कामाची लाज वाटते बहुतेक. वाटू दे. तिचे भाऊ कचेरीत बसणारे."

खरं कारण सासूबाईंनी फक्त सुनेला सांगितलं होतं. नवीन लग्न झालेलं असताना त्या कौतुकानं साइटवर गेल्या आणि मान वर केली. त्याच वेळी नवरा चाकाला वंगण घालायला केबिनबाहेर आला होता आणि क्रेनच्या लांब हातावरून चालत होता. काडीवर मुंगी चालावी तसा. चालता चालता त्याचा पाय सटकला आणि त्यानं दांडा पकडला. कुणाला काही झालं नाही. पण सासूबाई तिथंच मातीत बसल्या. "मी बघितलं म्हणून सटकला गं पाय," त्या सुनेला म्हणाल्या. "तेव्हापासून ठरवलं, हे वर असताना आपण वर बघायचं नाही. हसशील तू मला."

सून हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "बाबांना सांगितलंत का हे?"

"काय सांगायचं? माणूस उंचावर काम करतो, त्याच्या डोक्यात असलं खूळ भरवून द्यायचं?"

आता सासऱ्यांचं शेवटचं काम चाललं होतं. इमारत पुरी होत आली होती. क्रेन सुटी करून ट्रकवर घालणार आणि सासरे निवृत्त होणार. सासूबाई एकदा भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "सगळा जन्म गेला बघ. हे वर दिसतात तरी कसे, ते एकदा नीट बघायला हवं होतं." मग लगेच म्हणाल्या, "जाऊ दे." पण सुनेनं ते जाऊ दिलं नाही. तिनं सासूबाईंना शब्द दिला, "तुम्ही वर बघू नका. मी वरचं खाली आणून दाखवते."

शब्द देणं सोपं असतं. ड्रोन उडवणं तितकं सोपं नव्हतं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक फोटोग्राफर राहायचे. त्यांना सगळा रस्ता फोकसकाका म्हणायचा. सुट्टीच्या सकाळी ते तिला शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर घेऊन जायला तयार झाले. उठताना ड्रोन छान उठला. पुढं गेला. तो वळून तिच्याकडे तोंड करून आला, आणि ती डावीकडे न्यायला गेली तर गेला उजवीकडे, थेट काकांच्या टोपीच्या दिशेनं. काका या वयातही चपळ निघाले.

"त्याचं तोंड आपल्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं!" काका जमिनीवरूनच ओरडले. "शेपूट आपल्याकडे ठेवायचं. म्हशीला हाकतेस असं समज. शेपटीमागून हाकायची, समोरून नाही."

म्हशीची युक्ती लागू पडली. हळूहळू तिला वारा कळायला लागला, विजेच्या तारा लांबून दिसायला लागल्या, बॅटरी संपायच्या आत परत यायची अक्कल आली. एकच सवय जाता जात नव्हती, उतरताना ड्रोन तिच्याकडे तोंड करूनच उतरायचा. तो आपल्याकडे बघत येतोय असं दिसलं की तिला बरं वाटायचं. "पाळलायस का त्याला?" काका म्हणायचे.

कापाकापी शिकणं त्याहून अवघड. घरी लॅपटॉपवर तिनं मैदानाचं पहिलं चित्रीकरण जोडलं, त्याला तीन तऱ्हेची गाणी लावली, चित्रं गरागरा फिरवली, मधे चांदण्यासुद्धा पाडल्या. काकांनी ते शेवटपर्यंत बघितलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले. "बघणाऱ्याला घेरी आणायची होती का? हे बघ पोरी, एडिटिंग म्हणजे काय घालायचं ते नाही, काय काढायचं ते. आणि आणखी एक. चित्रीकरण सुरू असलं की पडद्यावर लाल ठिपका दिसतो. बाकी काहीही विसर, ठिपका बघायचा विसरू नकोस. सुरू करायचं आणि थांबवायचं बटण एकच आहे. भल्याभल्यांची फजिती झालीये त्यावर."

तिनं मान डोलावली. आपल्याला नाही होणार, असं प्रत्येक नवशिक्याला वाटतं तसं तिलाही वाटलं.

शेवटचा दिवस आला. साइटवरच्या इंजिनियर बाईंनी रीतसर परवानगी मिळवली होती, पण अट घातली होती. शेवटचा माल खाली उतरेल, माणसं बाजूला होतील, क्रेन थांबेल, मग थोडा वेळ ड्रोन उडवायचा. वरचे केबिनमध्येच थांबतील. दुसऱ्या दिवसापासून क्रेन सुटी करायची असल्यानं पुन्हा संधी नव्हती.

सासूबाई सोबत आल्या. एक बादली पालथी घालून सुनेपासून चार पावलांवर बसल्या, रिकाम्या डब्याची पिशवी मांडीवर, नजर पायांपुढच्या खडीवर. सून ड्रोनची चटई पसरत होती, तारा बघत होती, वारा बघत होती. चालतंय का बघू म्हणून तिनं एकदा बटण दाबलं. तेवढ्यात इंजिनियर बाईंनी हात वर केला. उडवा!

मग घाईत तिनं पुन्हा बटण दाबलं आणि ड्रोन उठला.

तो उठला मात्र सुरेख. तिनं शेपूट आपल्याकडे ठेवलं, इमारतीपासून लांबून वर नेला आणि केबिनसमोर स्थिर केला. पडद्यावर काचेआड सासरे दिसले, डोक्यावर शिरस्त्राण, दोन्ही हात दांड्यांवर. असे ताठ, असे शांत, घरात कधी न दिसलेले. रिकामा हूक त्यांनी सावकाश खाली सोडला, वर घेतला, आणि ड्रोनकडे बघून हात केला. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका आहे की नाही ते बघायचं भान त्या पाण्यात कुठून राहणार?

ड्रोन उतरला, सवयीप्रमाणे तिच्याकडे तोंड करून. तिनं चित्रीकरण थांबवायला बटण दाबलं, हातातला कंट्रोलर चटईवर ठेवला आणि सासूबाईंना म्हणाली, "झालं आई. सगळं आलं." मग इंजिनियर बाईंचे आभार मानायला धावत गेली.

संध्याकाळी घरात लॅपटॉप उघडला. सासरे अंघोळ करून, भांग पाडून बसले होते. सासूबाई हात पुसत आल्या. सुनेनं कार्ड घातलं तर आत दोनच तुकडे. पहिल्यात तिची स्वतःची पावलं, चटईचा कोपरा आणि खडी. दुसरा उघडला तर पुन्हा खडी, कुणाचे तरी बूट आणि पालथी बादली.

वर असताना काहीच टिपलं गेलं नव्हतं. बटण उलटं पडत गेलं होतं, जमिनीवर सुरू आणि आभाळात बंद. तिनं झटकन झाकण लावलं. "अजून कापायचंय. उद्या दाखवते." सासऱ्यांचा भांग पाडलेला चेहरा उतरला, तो तिला बघवला नाही.

दुसऱ्या दिवशी ती काकांकडे गेली आणि खुर्चीत बसून रडली. काकांनी "ठिपका बघितला नव्हतास का?" हे विचारायचं टाळलं, हे त्यांचे मोठे उपकार. "पुसायच्या आधी सगळं बघून घे. हा नियम माझाही आहे," एवढंच म्हणाले.

म्हणून तिनं दुसरा तुकडा शेवटपर्यंत बघितला. बघून झाल्यावर पुन्हा बघितला. काकाही खुर्ची ओढून बघत बसले. मग म्हणाले, "गाणं लावशील तर याद राख."

तिनं गाणं लावलं नाही. सुरुवातीचे बूट कापले, शेवटी ड्रोनवर पडलेली आपली सावली कापली. मधलं जसं होतं तसं ठेवलं.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं दोघांना बसवलं. आधी झालेला घोळ सरळ सांगून टाकला. "बाबा, तुमचं काहीच आलं नाही. माझी चूक. पण हे आलंय."

ड्रोनला मायक्रोफोन नसतो, त्यामुळे चित्राला आवाज नव्हता. पालथ्या बादलीवर सासूबाई बसलेल्या, मान खाली. थोडा वेळ काहीच होत नाही. मग त्या हळूच इकडेतिकडे बघतात, कुणी बघत नाही ना ते. पिशवी छातीशी धरतात. आणि मान वर करतात.

पूर्ण वर. उन्हानं डोळे बारीक होतात, पण त्या नजर हलवत नाहीत. ओठ हलायला लागतात. चेहऱ्यावर भीती आहे, आणि त्या भीतीच्या मागून कौतुक येतंय, ते येतच राहतं. मग एकाएकी त्या दचकून मान खाली घालतात आणि डोळे घट्ट मिटून घेतात. सासऱ्यांना लगेच कळलं.

"मी उतरायला शिडीवर पाऊल टाकलं तेव्हा," ते म्हणाले.

पडद्यावर सासूबाई तशाच बसून राहतात, डोळे मिटून, पिशवी आवळून. बराच वेळ. शेवटी चौकटीत सासऱ्यांचे धुळीचे बूट येतात आणि तेव्हा कुठं त्या डोळे उघडतात.

चित्र थांबलं. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ते बघितलं होतं जे त्यांना वरून कधीच दिसलं नाही. त्यांनी घसा साफ केला.

"म्हणजे लाज नव्हती," ते म्हणाले.

"लाज कसली मेली!" सासूबाई चिडल्याच. "मी बघितलं की तुमचा पाय सटकतो. एकदा सटकला होता. म्हणून नाही बघितलं. काल माल उतरला, हूक रिकामा झाला, तुम्ही आत बसलेले, दार बंद. म्हटलं, आता घ्यावं बघून."

सासरे त्यांच्याकडे बघतच राहिले. मग पडद्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "आणि हे ओठ हलतायत ते? काय म्हणत होतीस?"

"काय म्हणणार?" सासूबाई उठल्या आणि ताटं घ्यायला वळल्या. "पुरे झालं, आता या खाली, म्हटलं."

सासऱ्यांनी सुनेला खूण केली. तिनं ते पुन्हा लावलं.