लाल ठिपका

नेलपॉलिशचा तो लाल ठिपका तिनेच लावला होता. भावाच्या दोन्ही पोटऱ्यांभोवती स्टीलच्या कड्या, कड्यांतून हाडात शिरलेल्या तारा आणि कड्या जोडणाऱ्या दांड्यांवर नट. दिवसातून चार वेळा प्रत्येक नट पाव फेरा फिरवायचा, म्हणजे उंचीसाठी कापलेलं हाड रोज एक मिलिमीटर लांबतं. लेकीच्या मागे धावताना मोजणी चुकायला नको म्हणून प्रत्येक नटावर ठिपका. चौथ्या खेपेनंतर तो बरोबर समोर यायला हवा.

सकाळी पाना घेऊन ती वाकली, तर दोन्ही पायांचे ठिपके खाली गेलेले.

"हे कोणी फिरवलं?"

"तूच. हल्ली तुझं लक्ष कुठे असतं, ताई."

लक्ष होतं. दुसरं होतं तरी काय? नवरा सहा महिन्यांसाठी जहाजावर. भावाने शाळेतून बिनपगारी रजा घेतलेली आणि आईला सांगितलेलं, प्रशिक्षणाला चाललोय. ती थाप निभावायची म्हणून तिने शेजारणींनाही तोडलं होतं. दार अर्धंच उघडायचं, लेक झोपलीय म्हणायचं, की लावून घ्यायचं. महिन्याभरात बेल वाजायचीच थांबली.

डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. हाड भरून येतं, म्हणाले होते, पण नस त्या वेगाने लांबत नाही. हाव केली तर पाऊल लुळं पडतं. मग पळणं सोडा, पायात चप्पलसुद्धा टिकत नाही. ते ऐकताना भावाने मान डोलावली होती.

"एवढं उकडतंय, आणि पावलांवर चादर?"

"डास."

लेक रांगत आली. अकरा महिन्यांची, हाताला लागेल ते तोंडात घालणारी. चादर ओढून तिने मामाच्या उजव्या पायाचा अंगठा पकडला आणि नव्या दोन दातांनी करकचून चावली. मामा मोबाइल बघत राहिला. लहानपणी नखं कापायला पाय धरला तरी गुदगुल्यांनी गडाबडा लोळणारा मामा.

"अंगठा वर कर," ती म्हणाली.

"नंतर."

"आत्ता. दोन्ही."

डावा वर आला. उजवा नाही. त्याच्या कपाळावर घाम आला, तरी नाही.

"कधीपासून?"

"परवापासून. ताई, पंधराच दिवस थांब. डॉक्टरांना कळलं तर ते इथेच थांबवतील. तीन सेंटिमीटरसाठी का एवढं सोसलं मी?"

"आणि पाऊल गेलं तर?"

"पाऊल कोण बघतं? नववीची पोरं माझ्या डोक्यावरून फळा वाचतात." तो हसला नाही. "टिंगू नाव कोणी ठेवलं होतं?"

तिने. नऊ वर्षांची असताना, फडताळावरचा डबा त्याच्या हाताला पोचेना म्हणून. आधी घराने उचललं, मग गल्लीने, मग शाळेने. तो शिक्षक म्हणून रुजू झाला तेव्हा हे नाव त्याच्या आधी स्टाफरूममध्ये जाऊन बसलं होतं.

तिने फोन उचलला.

"फोन केलास तर आपलं संपलं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून ते खरं वाटलं.

तिने त्याच्यासमोरच फोन लावला. डॉक्टर दोनच वाक्यं बोलले. उजव्या पायाचे नट आत्ताच उलटे फिरवा, चार पाव फेरे. मग लगेच घेऊन या.

"झालं समाधान? राहिलो ना टिंगूच," म्हणत त्याने भिंतीकडे तोंड वळवलं.

तिने गाडी बोलावली, लेकीला पाळण्यात ठेवलं आणि पाना लावला. रोज फिरवताना ते दोघं मिळून मोजायचे. ती "एक" म्हणायची, तो दात खाऊन "दोन". घरात गप्पा म्हणून काय त्या तेवढ्याच.

"एक," ती म्हणाली, आणि थांबली.

पाळण्यातली लेक स्वतःशीच काहीतरी बोलत होती. भिंतीकडून काही आलं नाही.

"दोन," तीच म्हणाली.