एकही ओरखडा नाही

ताईच्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. राहिलं म्हणजे विसरलं होतं असं नव्हे. पत्र शब्दकोशात खुणेसारखं पडलेलं होतं आणि निवृत्त ग्रंथपालांना रोज दिसत होतं. पुस्तकं उशिरा परत करणाऱ्यांकडे पाहून त्यांनी जन्मभर कपाळाला आठ्या घातल्या होत्या. आता त्यांचंच उत्तर कित्येक महिने थकलं होतं.

पत्र लहानसंच होतं. "धाकट्या, मुलगा परदेशी निघालाय. त्याला मला नेताही येत नाही नि टाकवतही नाही, असं त्याचं झालंय. तुझ्याकडे एक खोली रिकामी असते ना? मी वॉकर घेऊन चालते, पण त्याच्या पायांना रबर आहे, तुझ्या लाडक्या फरशीला काही होणार नाही. येऊ का? नाही म्हणालास तरी रागावणार नाही. फक्त काहीतरी म्हण." ताईला ऐकू कमी यायचं. तिच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे शेजाऱ्यांना गोळा करायचं, म्हणून हे पत्र.

फरशी लाडकी होती हे खरं. सगळी हयात ओल धरणाऱ्या खोल्यांत काढल्यावर म्हातारपणी त्यांना ही जागा भाड्याने मिळाली होती. मधाच्या रंगाच्या लाकडी पट्ट्या, सकाळी त्यांच्यावर उन्हाची तिरीप. किल्ली देताना मालकीणबाईंनी बजावलं होतं, "काका, बाकी काय हवं ते करा. फरशीवर ओरखडा चालणार नाही."

ग्रंथपालांनी ते वाक्य मनावर घेतलं. जुना लोकरी कोट कापून त्यांनी खुर्च्यांना, टेबलाला, खाटेला मोजे शिवले. स्वतःही घरभर मोज्यांवरच वावरायचे. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई लिफ्टमध्ये भेटली की म्हणायची, "काका, तुम्ही वर राहता की तरंगता? आधीच्या बिऱ्हाडाने माझ्या डोक्यावर घोडे नाचवले होते."

वॉकरचं मालकीणबाईंना विचारायला हवं होतं. ग्रंथपालांनी वाक्यं जुळवली, आरशासमोर म्हणून पाहिली. मालकीणबाई अधूनमधून यायच्या, ग्रंथपाल चहाचं विचारायचे, आणि खरं विचारायचं ते राहूनच जायचं. त्यातून, वॉकरची टकटक त्यांना आत्ताच ऐकू येऊ लागली होती. वाचायला बसावं तर ताई खोलीच्या दारातून म्हणणार, "काय रे पुस्तकातल्या किड्या, जेवलास का?" नाही म्हणायचा धीर नव्हता आणि हो म्हणायचाही नव्हता. फरशी तेवढी मधे घालायला बरी सापडली होती.

मग भाच्याचा निरोप मोबाइलवर आला. "मामा, पुढच्या आठवड्यात घर रिकामं करतोय. आईची सोय वृद्धाश्रमात केली आहे, पण ती सही करत नाही. म्हणते, धाकट्याचं पत्र येऊ दे."

त्या दिवशी ग्रंथपालांनी मालकीणबाईंना आपणहून बोलावलं. त्या आल्या, दारातच थबकल्या, वाकून फरशीवरून हात फिरवला.

"काका, काय ठेवलीय हो. चेहरा दिसतो."

"एकही ओरखडा नाही," ग्रंथपाल म्हणाले, आणि धीर सुटायच्या आत एका दमात बोलून टाकलं, "माझी बहीण राहायला यायची म्हणते. थकली आहे. वॉकर आहे तिच्याकडे. पायांना रबर आहे. पण फरशी..."

"फरशीचं काय?"

"ओरखडा चालणार नाही म्हणाला होतात."

मालकीणबाईंना हसू आवरेना. "अहो, ते मी सगळ्यांनाच म्हणते. म्हटलं नाही तर लोक पलंग फरफटत नेतात. बिऱ्हाड गेलं की मशीन लावून वरचा थर घासून काढायचा, पॉलिश मारायचं, झाली नवी. खुर्च्यांना मोजे घालणारे तुम्हीच पहिले."

"म्हणजे बहीण आधीच आली असती तर..."

"राहिली असती की. कोण नाही म्हणालं असतं?" मग त्यांचं हसू ओसरलं. पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "पण आता कसं होणार? मीही तेच बोलायला येणार होते. पुतण्याचं लग्न ठरलंय, त्याला ही जागा द्यायचीय. दोन महिन्यांत तुम्ही दुसरं काहीतरी बघा. हे मागच्याच आठवड्यात ठरलं हो. आधी बोलला असतात, तर म्हातारी बहीण आलीय म्हणून मीच त्याला दुसरीकडे पाठवलं असतं."

"पुतण्यासाठी फरशी घासणार?"

"घासावी लागेलच. त्याला गडद रंग हवाय."

त्या गेल्यावर ग्रंथपाल खुर्चीत बसले. खुर्ची मागे सरकली तरी आवाज झाला नाही. दोघांसाठी कुठेतरी तळमजल्यावर जागा शोधता येईल, असं एकदा मनात आलं. पण त्यासाठी दारोदार जाऊन विचारावं लागणार होतं, आणि एवढं एक विचारायलाच त्यांना इतके महिने लागले होते.

त्यांनी कागद घेतला. इतक्या महिन्यांत फाडलेल्या खर्ड्यांत निमित्तं होती, दम्याची, डॉक्टरांची, इमारतीच्या दुरुस्तीची. यावेळी काही रचावं लागलं नाही. "ताई, माझ्याकडे जागा नाही. मलाच घर सोडायला सांगितलं आहे. तू सही कर." वाचून पाहिलं. एकही शब्द खोटा नव्हता. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली. 'तुझा' लिहून ते थांबले. मग नुसतंच 'धाकटा' लिहिलं.

घरातून निघताना त्यांनी पहिल्यांदाच आत बूट घातले आणि बुटांच्या धुळकट तळांनिशी फरशीवरून चालत दारापर्यंत गेले. उमटलेले ठसे पाहून पाय आपोआप मागे वळले. खाली बसून त्यांनी ते रुमालाने पुसून काढले, बूट हातात घेऊन बाहेर आले, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकलं.