दहा मिनिटांत बरा

पिऊनच आलाय.

सोमारीला दुसरं काही सुचेना. मोहाच्या झाडाखाली फुलं वेचता वेचता नवऱ्याच्या, पत्रूच्या, उजव्या हातातली टोपली गळून पडली. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं, जीभ जड. बुंध्याशी बसला. दहा मिनिटांनी उठून पुन्हा वेचू लागला, जसं काही झालंच नव्हतं.

तिनं जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. मोहाचा!

पण या दिवसांत तो वास कुणाला नसतो? अंगणभर फुलं वाळत होती. तिच्या स्वतःच्या पदरालाही तोच.

"दोन वर्षं झाली, देवापुढं सोडली ना तुमी?"

"थेंब नाई घेतला."

"मग तोंड काऊन वाकडं झालं?"

"मले का मालूम!"

मालूम नाही. बरं.

तिनं गोठा धुंडाळला. कणगीमागे. छपराच्या सांदीत. मडकं नाही, बाटली नाही.

म्हणजे पक्का मुरलेला.

बुधवारी जेवताना त्याच हातातून घास सांडला. शब्द पुन्हा चिकटले. सोंग कधी संपतं ते ती बघत बसली. पाण्याची घागर घेऊन आली तोवर संपलंही होतं.

गुरुवारी सकाळी गावची आशाताई दीपिका तापाची विचारपूस करत दारात आली. सोमारीनं सगळं तिच्यापुढं ओतलं.

दीपिका हसली नाही. "दोन्ही डाव उजवाच हात?"

"हो."

"दारू का एकाच हाताले चढते, बाई?"

सोमारीनं पत्रूच्या उजव्या हाताकडं पाहिलं.

"डोक्यात जाणारं रक्त थोडा वेळ अडलं, मंग सुटलं. पुढच्या डावाले सुटलं नाई तर लकवा. आजच दवाखान्यात न्या. नाला सुका आहे, गाडी दारात येते." बोलता बोलता तिनं एकशेआठला फोन लावला.

पत्रू भडकला. "मी बरा आहो ना! पाह्य!" दोन्ही हात वर. दोन्ही सारखे. बोलणंही साफ. "फुलं ढोरं खातीन तिकडं!"

"खाऊ द्या."

"काल दारूचा संशय. आज कायचा?"

"आज तुमच्या बऱ्या असण्याचा," म्हणत सोमारीनं त्याला दारात आलेल्या गाडीत ढकललं.

वाटभर ती त्याला बोलायला लावत राहिली. तो शिव्या देत होता. एक शिवी जड जिभेवर जराशी लांबली, आणि तिनं ड्रायव्हरच्या पाठीमागची काच जोरात वाजवली.