खारट भाजी

घडाच्या पोटात, दोन टपोऱ्या मण्यांच्या आड, एक तडकलेला मणी… हा आपल्या बोटांना लागला कसा नाही? लताबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. द्राक्षांचा तो घड त्यांच्याच क्रेटमधला होता आणि नातीच्या वयाची सुपरवायझर हर्षाली तो सगळ्या बायकांसमोर धरून उभी होती.

"बाई, लक्ष कुठंय तुमचं? एका मण्यापायी अख्खी पेटी सडते. सगळं परत बघा."

"बघते," म्हणून लताबाईंनी कात्री उचलली.

राग यायला हवा होता. सरकारी दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून जन्म काढलेली ही बाई. तिच्या हातून पहिली अंघोळ झालेली पोरं आज नाशिकभर संसार करताहेत. पेन्शन आहे, गंगापूर रोडला मुलाचा, प्रफुल्लचा फ्लॅट आहे, गुडघे तेवढे साथ देत नाहीत — आणि तरी हंगाम लागला की पॅकहाउसच्या गाडीत सगळ्यांच्या आधी ही चढून बसलेली. मोठी खमकी! कशासाठी, ते तिलाही धड सांगता यायचं नाही.

मग राग का येत नव्हता?… कालची वांग्याची भाजी. मीठ दोनदा पडलं होतं, पहिल्याच घासाला कळलं. प्रफुल्ल मुकाट जेवला. संजनानं दही वाढून घेतलं आणि म्हणाली, "छान झालीय, आई." सून मायेची, वाद नाही, पण लहान मुलाच्या चित्राला म्हणतात ना छान, तसलं ते छान होतं, आणि तेच जिव्हारी लागलं. हात धुताना प्रफुल्ल म्हणाला, "आई, बस कर आता हे काम. उद्या पॅकहाउसमध्ये सांगून टाक, येत नाही म्हणून." त्या हो म्हणाल्या होत्या — म्हणजे आजच सांगायचं होतं.

हर्षाली पुन्हा मागे येऊन उभी राहिली. लताबाईंनी घड उजेडात फिरवला, आतला खराब मणी अलगद कापला, तान्ह्या बाळाची नखं काढावीत तसा. हर्षाली पुढच्या बाईच्या क्रेटकडे वळली. सांगायचं राहिलं… की मीच राहू दिलं? असू दे.

संध्याकाळी दार प्रफुल्लनंच उघडलं. "सांगितलंस?"

लताबाई वाकून चप्पल काढत होत्या. "कालची भाजी खारट झाली होती. बोलला का नाहीस?"

तो गडबडला. आत संजनाकडे बघून घेतलं, मग हळूच म्हणाला, "लय खारट होती, आई."

गुडघे ठणकत होते, त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंच होतं. पण कितीतरी दिवसांनी घरात कुणीतरी आपल्याशी खरं बोललं, असं वाटून त्या दारातच थांबल्या… एक चप्पल पायात, एक हातात.