न ओढलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुना शिसवी रूळ आहे. सपाट पट्टी नव्हे हो, गोल! कागदावर गडगडत न्यायचा आणि सरळ रेघा ओढायच्या, असला. माझ्या अंगावर एक लांब तडा आहे आणि एक काळा डाग. तो डाग शाईचा नाही.

बुऱ्हाणपुरात तापीकाठच्या एका कारागिराने मला कातले. तो एरवी पोळपाट-लाटणी करायचा. मला हातावेगळा करताना म्हणाला, "हे काही लाटनं नही, सरकारी चीज आहे." झाले! तेव्हापासून माझ्या डोक्यात जी हवा गेली ती गेलीच.

मला विकत घेतले दिगंबर गुरुजींनी. तेही माझ्यासारखेच ताठ. शाळामास्तर होते, पण खानेसुमारी, म्हणजे जनगणना, आली की सरकार मास्तरांनाच दारोदार धाडायचे. स्वातंत्र्य नवे होते. संस्थाने एकेक करून देशात सामील झाली होती, कागद तेव्हाच्या राजधानीहून, नागपूरहून, यायचे आणि मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, जाणार, ज्याचे घर त्याला मिळणार, अशी कुजबुज गावोगाव चालली होती. १९५१च्या मोजणीआधी गुरुजी जसोंडी गावात घरांवर गेरूने आकडे काढायला गेले. नियम सोपा होता. ज्याची चूल वेगळी, त्याचा आकडा वेगळा.

भिकन नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात त्याची विधवा भावजय सोजरबाई राहायची. नवरा गेल्यावर तिला घरातून काढले होते. तिची चूल वेगळी, म्हणून गुरुजींनी गोठ्याच्या दारावर सत्तावन्न आकडा काढला. बाईने हात जोडले. "गुरुजी, मंग हे घर माह्यं झालं का?"

इथे गुरुजींनी साफ सांगायला हवे होते, बाई, हा आकडा माणसे मोजायचा आहे, मालकीचा नाही. पण चार माणसे जमली होती आणि गुरुजींच्या अंगात सरकार संचारले होते. मिशीला पीळ देत ते म्हणाले, "सरकारचा आकडा आहे हा! ब्रह्मदेवालाही पुसता यायचा नाही!" मीही पिशवीत फुशारलो. भिकनने मात्र ते नीट ऐकून ठेवले.

फेब्रुवारीत आम्ही माणसे मोजायला गेलो, तर गोठ्यातली चूल फोडलेली. सोजरबाईचे कपाळ फुटलेले, राखेत रक्त सांडलेले. दारात भिकन कुऱ्हाड घेऊन उभा.

"कुठी आहे दुसरी चूल? एक चूल, एक घर. पुसा तो आकडा!"

सोजरबाईने तीन दगड मांडले, काटक्या रचल्या, फुंकर मारली. जाळ धरला तसा भिकनने लाथ घातली. निखारे तिच्या हातांवर उडाले. त्याने तिला केसांनी धरून भिंतीवर आपटले, एकदा, पुन्हा एकदा. गुरुजींनी मला उचलले आणि त्याच्या मनगटावर हाणले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मलाही तडा गेला. भिकनने डाव्या हाताने कुऱ्हाडीचा दांडा गुरुजींच्या तोंडावर मारला. दोन दात पडले. मग शेजारी धावले आणि त्यांनी दोघांना वेगळे केले.

गुरुजींनी तोंडाला धोतर लावून कागदावर लिहिले, घर सत्तावन्न, चूल एक, माणसे एक. खरी गोष्ट त्या दिवशीही सांगता आली असती. त्यांनी सांगितली नाही. लाज वाटली असेल.

त्या मोजणीला शेवटची एक फेरी असे. एक मार्चचा सूर्य उगवण्याआधी जो मेला, त्याच्या नावावर रेघ मारायची. गावचा कोतवाल चुडामण याने तशी दवंडीच पिटली होती. ती भिकननेही ऐकली होती.

एक मार्चला सकाळी आम्ही पोचलो. सोजरबाई चुलीपाशी पडली होती. मानेवर कुऱ्हाडीचा घाव होता. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती. चुडामणने भिकनला खांबाला बांधले होते आणि तो बांधल्या जागेवरून ओरडत होता, "अंधारात मेली ती! सूर्य उगवला नव्हता! मारा रेघ!"

गुरुजी जमिनीवर बसले. कागद पसरला. मला तिच्या नावाखाली ठेवले तेव्हा त्यांचा हात रक्तात टेकला होता, तो डाग मला तेव्हाच लागला. टाक शाईत बुडवला. मला रेघ नको होती हो! पण रुळाला विचारतो कोण?

"थांबा, गुरुजी." शेजारची रंभाबाई भिंतीआडून पुढे आली. "चूल पेटवाले इस्तू माह्या घरून नेला तिनं. मी दारात उभी व्हती आन् माह्यी सावली पडेल व्हती अंगनात. ऊन निंघेल व्हतं."

गुरुजींनी टाक खाली ठेवला. मला उचलून घेतले. रेघ ओढली नाही.

मग ते भिकनसमोर उभे राहिले. "आकड्याने घर कोणाचेच होत नाही. हा नुसता मोजायचा आकडा. त्या दिवशी मी फुशारकी मारली."

भिकनचे ओरडणे थांबले. "मंग पहिलेच काहून नही सांगितलं?" म्हणाला.

पुढे गुरुजी मोजणीच्या खात्यातच कायमचे गेले. राजधानी भोपाळला गेली, कागद बदलले, आणखी दोन मोजण्या झाल्या. प्रत्येक दारात त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे, "बाई, हा आकडा मोजायचा आहे, मालकीचा नाही." लोक हसायचे. म्हणायचे, म्हातारा वाया गेला.

आता मी त्यांच्या नातीच्या, अलकाच्या, कपाटात पडून आहे. अडकलेली खिडकी उघडायला ती मला वापरते. डाग पुसायचा तिने प्रयत्न केला, तो निघाला नाही. बरे झाले.

मित्रांनो, कधी तुमच्याही हाती कोणाची तरी यादी येईल. दारात उभे राहाल तेव्हा जे खरे आहे ते पहिल्याच दिवशी सांगा, मोठेपणा मिरवू नका. आणि कोणाच्या नावावर रेघ ओढायची वेळ आली, तर आधी शेजारणीला विचारा, ऊन पडले होते का? त्या वर्षी देशात जितकी माणसे मोजली, त्यात सोजरबाई आहे. घर सत्तावन्न, चूल एक.