वरच्या खणातला एक किलो

मी एक किलोचा डंबेल बोलतोय. हसलात ना? हसा, या व्यायामशाळेत मला सगळेच हसायचे. वीस किलोचे थोरले दादा आणि मी एकाच कारखान्यातले. पण माझ्या वाट्याला लोखंड कमी आलं आणि वरून गुलाबी रंग. बरीच वर्षं मी दार मिटू नये म्हणून त्याच्यापाशी पडून होतो.

एक दिवस पाववाले काका आले. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. भट्टीजवळच्या वरच्या फळीवर ट्रे चढेना, म्हणून मुलगा त्यांना गल्ल्यावर बसवायला निघाला होता.

"भट्टी सुटली तर मी संपलोच, ताई," ते आमच्या ट्रेनरताईंना म्हणाले.

ताईंनी आधी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. परवानगी मिळाल्यावरच मला पुसून त्यांच्या हातात दिलं आणि काकांना आरशाकडे पाठ करून उभं केलं. ही ताईंची रीतच. आरसा दिसला की माणूस दंड बघत बसतो; दुखणं चेहऱ्यावर उमटतं आणि ते बघणं ट्रेनरचं काम, असं त्या म्हणायच्या.

हात हळूहळू वर जाऊ लागला. पण एकदा काकांचे जावईबापू बघायला आले आणि काकांच्या अंगात वारं शिरलं. ताई वळल्या तोच मला बाजूला टाकून त्यांनी पाच किलोवाला उचलला, आरशासमोर खांदा पार कानाला लावला आणि कळवळून खाली बसले. मला राग आला, कीवही आली.

ताई ओरडल्या नाहीत. "लक्ष माझंही सुटलं," म्हणाल्या आणि त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. नंतर परत श्रीगणेशा, परत मीच. काका चिडायचे, पण यायचे.

मग तो दिवस आला. मुलगाही सोबत होता. ताईंनी मांडणीच्या सगळ्यात वरच्या खणाकडे बोट दाखवलं.

"काका, हा तिथे ठेवा. खांदा कानाला लागता कामा नये."

मी छातीवरून निघालो, कपाळ ओलांडलं. ताईंची नजर काकांच्या चेहऱ्यावरून हलली नाही. आणि टक्‌! मी वर टेकलो.

मुलाने एकदा वर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबा, उद्या भट्टी तुम्हीच बघा. गल्ल्यावर मी बसतो."

तेव्हापासून माझा मुक्काम वरच. दादा खालून बघतात. नवा कुणी आला आणि थेट त्यांच्याकडे वळला, की ताई त्याला आधी मला उतरवायला लावतात, आरशाकडे पाठ करून. तुम्हीही या. हसायचंच असेल, तर मला नीट खाली घेऊन मग हसा.