बंगल्याची टाकी

आमच्या म्हातारीला मोबाईल सुलटा धरता येत न्हाई. व्हिडिओ कॉल लावला की मला तिचं नुसतं कपाळ दिसतं, त्यावरचं गोंदण आणि पदराची कड. बाथरूम दाखवा म्हणलं की कपाळ, गादी दाखवा म्हणलं की कपाळ. मी कोल्हापूरकडं उसाच्या फडात, माझी सासू तिकडं धर्मापुरीत दादांच्या बंगल्यावर, आणि मधी तिचं कपाळ. असा माझा कारभार चाललता.

बंगला अर्जुनरावदादांचा. दादा साखर कारखान्याचे संचालक. सलग दोन साल पाऊस गेला, ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं थंड पडलं आणि दादा पुण्याला राहायला गेले. रिकामा बंगला ठेवून काय करायचं, म्हणून त्यांनी तो मोबाईलवर भाड्यानं टाकला. धर्मापुरीचं जुनं देऊळ बघायला, परळीला दर्शनाला माणसं येतात, दोन-दोन दिवस राहतात. झाडलोट, चादरी, पाव्हण्यांचं चहापाणी, दिवाळीपर्यंत सगळं मीच बघायची. मग ऊसतोडीची टोळी निघाली. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बायको न्हाई तर कोयता अर्धा, आणि अर्धा कोयता मुकादम नेत न्हाई. म्हणून माझा नवरा पंडित आणि मी निघालो, आणि बंगल्याची चावी सासूच्या कमरेला बांधली. दादांना म्हणलं, मी फोनवरून सगळं बघते, मी तिथं न्हाई हे तुमाला कळणार बी न्हाई.

आता खरं सांगते. मला पाचवा महिना होता. गेल्या साली असंच फडात मोळी उचलताना माझं पोट पडलं, आणि तिसऱ्या दिवशी मी परत मोळ्या बांधायला उभी. यंदा मोळी डोक्यावर घेतली की ओटीपोटात ओढ बसायची आणि माझ्या तोंडचं पाणी पळायचं. मुकादमाकडनं हंगामाचे पैसे आधीच उचललेले असतात, मधीच टोळी सोडून जाता येत न्हाई. पण दादांचा शब्द आमचा मुकादम मोडत न्हाई, हे सगळ्या तालुक्याला ठाव हाय. शेवटी मी दादांना फोन लावला. परक्या बाप्यापुढं बोलू नये ते सगळं बोलले. दादा म्हणाले, "शनिवारी डॉक्टर मंडळी येणार आहेत, चौघं जण. माझ्या खास संबंधातली आहेत. त्यांची सोय नीट झाली की मी मुकादमाला फोन करतो. तू ये कायमची बंगल्यावर, मागच्या खोलीत राहा."

त्या शनिवारात माझा जीव अडकला.

अवघड होतं ते पाणी. आमच्याकडं विहिरी तळाला गेल्यात, हातपंपाला गाळ येतो, गावाला टँकर आठ दिवसांतून एकदा. बंकट टँकरवाल्याला फोनवर हातापाया पडून मी शनिवारी दुपारी बंगल्याची टाकी काठोकाठ भरून घेतली. सासूला बजावलं, "आत्याबाई, त्यातलं तांब्याभर बी घरी न्यायचं न्हाई." आणि न्हाई हो नेलं तिनं. पंधरा दिवस डोक्यावरून न्हाली नव्हती म्हातारी, पण न्हाई नेलं.

बाकी तिचं काम म्हणजे डोक्याला ताप. फरशीच्या पोर्चमधी शेणाचा सडा टाकायला निघालती. पाव्हणे येणार आणि दार कोरडं कसं ठेवू, म्हणे. संडासात कागदाची गुंडाळी ठेवा म्हणलं, तर ती टीव्हीशेजारी ठेवली आणि वर हळदीकुंकू वाहिलं. "कागद म्हणजे सरस्वती. पाय लागला तर आपण पाया पडतो. तो संडासात ठिवू?" मी कपाळाला हात लावला. तिच्या न्हाई, माझ्या.

आणि तिचं तोंड. मागं एका पुण्याच्या बाईला तिनं विचारलं, लगीन होऊन किती सालं झाली, लेकरू कावून न्हाई. ती बाई दादांना बोलली, दादा मला बोलले. म्हणून या खेपेला मी शपथ घालून सांगितलं, "गाडी आली की दार उघडायचं. नाव, गाव, कुठून आलात, कावून आलात, काई विचारायचं न्हाई. आधी पाणी द्यायचं, मागतील ते द्यायचं."

माझंच तोंड जळो.

शनिवारी दुपारी साडेतीनला मी कॅनॉलच्या भरावावर चढले, तिथंच रेंज येते. फोन लावला. कपाळ आलं.

"रुक्मे, पाव्हणे आले गं."

"इतक्या लौकर? बसवलं का त्यांना?"

"न्हायला बसवलं. धा-बारा हायेत. दोन गाड्या."

"आत्याबाई, डॉक्टर चार हायेत."

"आता आले तेवढे आले. तूच म्हणलीस ना काई विचारू नको. पाणी दिलं. मग त्यांनी आंघोळीला पाणी मागितलं. शहरातली माणसं उतरल्या उतरल्या आंघोळीचंच विचारतात, म्हणून मागच्या अंगणात नळी लावून दिली."

"मोबाईल त्यांच्याकडं करा."

कपाळ हललं, आभाळ आलं, मग पहिल्यांदाच तिच्या हातून मोबाईल सुलटा धरला गेला. मागच्या अंगणात माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पाणी घेत होती. बायांचे केस मोकळे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एक बाई चिखलात फतकल मारून बसलेली आणि दोघी तिला दंडाला धरून होत्या. ही काही फिरायला आलेली माणसं नव्हती. माती देऊन आली होती. मातीहून आलेल्या माणसानं आंघोळीबिगर घरात पाय ठेवायचा न्हाई, आणि जिथं माती झाली त्या गावाच्या विहिरीत पाणी नसणार.

"नळी बंद करा. आत्याबाई, आधी नळी बंद करा."

"मला कळलं गं. पहिल्या बादलीलाच कळलं. पण अर्धं न्हालेलं माणूस उठवू का? तशा अंगानं ती घरी कशी जातील?"

"माझं वाटोळं केलं तुमी." हे म्हणले, आणि याच्यापेक्षा वंगाळ बी बोलले. सासूला बोलू नये असं बोलले. भरावाखाली पंडित कोयता थांबवून वर बघायला लागला.

म्हातारी म्हणली, "नांदूरघाटची माणसं हायेत. आपल्या शेजारच्या गावात त्यांची लेक दिलती. ऊसतोडीला गेलती, फडातून आणली. पोटुशी होती, रुक्मे. सहावा महिना. ती खाली बसलीय ती तिची माय. तिला उठता येईना, तिच्या डोक्यावर पाणी मीच घातलं."

मी फोन कापला. लगेच बंकटला लावला. "अक्का, टँकर लांब युसूफ वडगाव गावाला गेलाय, मंगळवारपर्यंत काई जमत न्हाई," म्हणला. मी म्हणलं, एक ड्रम तरी. तो म्हणला, ड्रमभर असतं तर माझ्या घरी नेलं नसतं का.

पाच वाजता डॉक्टर आले. नळातून नुसती हवा. पोर्चमधी चिखलाची पावलं. म्हातारीनं म्हणे त्यांच्यापुढं गूळ आणि घरनं आणलेला पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी गूळ बी घेतला न्हाई, परळीच्या लॉजवर गेले. दिवस बुडायच्या आत दादांचा फोन आला.

"मयताच्या लोकांना आंघोळी घातल्या म्हणे माझ्या बंगल्यावर. तू लांबून बघते म्हणाली होतीस ना?"

"दादा, चूक माझी हाय. तुमी मला काई बी बोला, पण मुकादमाला तेवढा एक फोन..."

"चावी शेजारच्या केसरबाईकडं पाठवून दे, आता बंगला ती बघेल." फोन बंद.

मी परत लावला. सात वेळा लावला. मग भरावावरच बसून रडले, लाज सोडून रडले. पंडित वर आला, शेजारी बसला. दुसऱ्या दिवशी मी मोळ्या वाहिल्या. तिसऱ्या दिवशी बी. म्हातारीचा फोन आला की मी कापायची. मनात म्हणायची, दुसऱ्याच्या लेकीसाठी पाणी सांडलं, आता घरच्या सुनेचं बघ काय होतंय ते.

बुधवारी सकाळी फडाच्या बांधावर म्हातारी उभी. हातात बोचकं, पायात पंडितच्या जुन्या चपला. दोन एसट्या बदलून, लोकांना पत्ता विचारत आलती.

"फोन उचलीना म्हणून आले," म्हणली. माझ्याशी एवढंच. मग सरळ मुकादमापुढं जाऊन उभी राहिली. "हिचा कोयता मी धरते. हिला घरी लावून दे."

मुकादम हसला. "म्हातारे, साठी झाली तुझी. वाकता तरी येतं का?"

"तीस साल तोडलाय ऊस. तुला कोयता भरायचाय का वय मोजायचंय?"

मुकादमानं पंडितकडं बघितलं. पंडित खाली बघत होता. "माझा कोयता भरला म्हणजे झालं," मुकादम म्हणला आणि ट्रॅक्टरकडं गेला.

मी न्हाई म्हणायला पायजे होतं. तिचे गुडघे मला ठाव हायेत. पायरी चढताना भिंत धरती ती. पंधरा दिवसांची न न्हालेली, परवा शिव्या खाल्लेली. ती माझ्यापुढं हात पसरून उभी राहिली. मला लई लाज वाटली, आणि मी कोयता तिच्या हातात दिला.

आता मला सातवा चाललाय. मी धर्मापुरीत घरी हाय. रोज दुपारी म्हातारी कॅनॉलच्या भरावावर चढती आणि फोन लावती. पोट दाखव म्हणती. मी मोबाईल पोटाकडं धरते. मला तिकडनं कपाळ दिसतं, उन्हानं काळं पडलेलं, उसाच्या पाल्यानं कापलेलं, गोंदण बी ओळखू येत न्हाई.

"आत्याबाई, मोबाईल सुलटा धरा, तोंड तरी दिसू द्या," मी म्हणते.

"तोंड बघून काय करतीस," ती म्हणती. "तू घागर उचलू नको."